बावनदीच्या पुलाचं औषध

रत्नागिरी,
बुधवार, १२ डिसेंबर १९८४

तीर्थस्वरूप अण्णा यांस धाकटा भाऊ लवू याचा वाकून नमस्कार. (मथुरा म्हणते, पत्रात वाकलेलं मुंबईला कुणाला दिसणार? पण मी खरोखरच वाकलो आहे, कारण घरात टेबल नाही आणि पत्र्याच्या पेटीवर कागद ठेवून लिहितो आहे.) तुमची, गोदावहिनींची आणि मुलांची प्रकृती ठीक असेल अशी आशा करतो. इकडे भात झोडून झालं, नाचणी बरी आली, काळ्या गाईला पाडी झाली. मथुरा तुमच्या पाया पडते. बाकी सर्व खुशाल.

‘बाकी सर्व खुशाल’ असं लिहायची आपल्यात पद्धत आहे म्हणून लिहिलं, अण्णा. जुलैपासून आपलं घर मुळीच खुशाल नव्हतं आणि मी ते तुम्हाला कळवलं नाही, याची आधी माफी मागतो. कळवलं असतं तर तुम्ही दोन ओळींचं कार्ड धाडलं असतंत, ‘लवू, वेड्यासारखं करू नकोस,’ आणि नेमक्या त्याच शब्दाला मी घाबरत होतो. आता सांगण्यासारखं झालं आहे म्हणून सगळं पहिल्यापासून सांगतो. कार्डावर मावणारं नाही, म्हणून हे पाकीट.

माझी गाडी तुम्हाला माहीत आहे. सकाळी साडेसातची रत्नागिरी–चिपळूण, अकरा वर्षं तीच, आणि मागे कंडक्टर म्हणून अकरा वर्षं तोच रावजी. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात एके दिवशी निवळीचा घाट उतरून बावनदीच्या पुलावर गाडी घातली आणि निम्म्यावर आल्यावर माझे हात माझे राहिले नाहीत. दुसरे शब्द मला अजून सापडलेले नाहीत. बोटं स्टिअरिंगला आवळून बसली, तोंडाला कोरड पडली, कानात दडे बसले आणि छातीत कुणी भात कांडायला घ्यावं तसं सुरू झालं. पाय आपसूक ब्रेकवर गेला. गाडी पुलाच्या मधोमध उभी. रावजीने डबल बेल मारली. ती मला ऐकू आली, तिचा अर्थही कळला, पण गाडी हलवायला जे लागतं ते माझ्याजवळ नव्हतं. रावजी पुढे आला, माझ्या सीटमागच्या जाळीतून माझं तोंड बघितलं आणि वळून पॅसेंजरांना म्हणाला, “इंजिन तापलंय, पाच मिनिटं.” (बाहेर धो धो पाऊस, डेपोतून निघून तास झाला नव्हता, इंजिन तापेल कुठून! पण खाकी कपड्यातल्या माणसाने सांगितलं की लोक मानतात.) पाच मिनिटांनी ते आलं तसं गेलं आणि मी गाडी काढली. चिपळूणला रावजीने चहा पाजला आणि विचारलं, “काय झालं?” मी म्हटलं, “काय नाय.” दोघांनीही त्यावर विश्वास ठेवायचं ठरवलं.

पण त्या दिवसापासून सकाळी साडेसातला मी चिपळूणला निघत नव्हतो अण्णा, पुलाकडे निघत होतो. हातखंब्याला घाम फुटायचा. निवळीला तळहात पँटला पुसत राहायचो. पूल ओलांडला की पुढे संगमेश्वरापर्यंत हलकं वाटायचं आणि मग आठवायचं की संध्याकाळी परत यायचं आहे. जेवण तुटलं. मथुरेने डबा उघडून बघावा तर भाकरी तशीच. तिने मला धरून बसवलं आणि मी तिला अर्धं सांगितलं, म्हणजे हाताचं सांगितलं, भीतीचं नाही.

मग सुरू झाली डॉक्टर शोधायची मोहीम. आधी आपले बाजारातले डॉक्टर. (नाव लिहीत नाही, माणूस सज्जन आहे.) त्यांनी जीभ बघितली, डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली आणि पित्त ठरवून कमरेत इंजेक्शन दिलं. दुखणं हातात, सुई कमरेत; पण डॉक्टरांना उलट प्रश्न विचारायची आपल्याकडे रीत नाही. तीन इंजेक्शनं झाली. पित्त खरंच गेलं. पूल होता तिथेच राहिला.

मग मथुरेने मला देवीच्या देवळात नेलं. सखाराम गुरवाने गाऱ्हाणं घातलं, देवीला कौल लावला, उजवा कौल मिळाला. सखाराम बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला, काहीतरी सांगू की नको असं त्याच्या तोंडावर होतं. मागे आठ-दहा मंडळी उभी होती. शेवटी म्हणाला, “पुलाचं देणं राहिलंय. मधोमध उभा रहा आणि नारळ सोड.” आता आली का पंचाईत! मधोमध उभं राहता येत असतं तर नारळ कशाला लागला असता? शेवटी नारळ रावजीकडे दिला आणि त्याने चालत्या गाडीतून नेम धरून फेकला. तो कठड्यावर आपटून परत रस्त्यावर आला आणि मागून येणाऱ्या ट्रकखाली फुटला. तो देवाला पोचला की नाही, यावरून मथुरा आणि रावजी अजून एकमेकांशी धड बोलत नाहीत.

मग रावजीनेच स्टँडसमोरच्या लॉजवरची पाटी वाचून आणली. मनोविकारतज्ज्ञ, महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी, खोली नंबर सहा. हे डॉक्टर पुण्याहून यायचे. टोपी कपाळावर ओढून मी मागच्या जिन्याने वर गेलो. डॉक्टर हळू आवाजात बोलणारे, चष्मेवाले, सभ्य. मला लॉजच्या खाटेवर आडवं व्हायला सांगितलं. भर दुपारी परक्या माणसासमोर बूट काढून आडवं होणं म्हणजे काय असतं ते तुम्हाला कळेल. त्यांनी विचारलं, “वडिलांशी आपलं नातं कसं होतं?” मी म्हटलं, “ते माझे वडील होते.” ते म्हणाले, “हो, पण त्यांच्याविषयी आपल्याला काय वाटायचं?” मला काय वाटायचं हे बाबांनी मला कधी विचारलं नव्हतं आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं. मग त्यांनी विचारलं, “पूल म्हटलं की मनात पहिलं काय येतं?” मी म्हटलं, “सरकारी बांधकाम.” ते त्यांनी लिहून घेतलं. डॉक्टर वाईट नव्हते, अण्णा. पण प्रत्येक उत्तर आधी मनात घासूनपुसून पुण्याच्या बोलीत बसवायचं आणि मग तोंडाबाहेर काढायचं, यातच माझा जीव दमून जायचा. मूळ दुखण्याला शब्द शिल्लकच राहत नव्हते.

आणि खोली नंबर सहा आणि सातच्या मध्ये भिंत नव्हती, प्लायवूड होतं. सातमध्ये आपल्याच गावचा एक काजूवाला उतरला होता. सोमवारपर्यंत वाडीतल्या पोरांनासुद्धा ठाऊक झालं की लवू ड्रायव्हरच्या डोक्यात पूल शिरला आहे.

इथून पुढचे आठ दिवस मी विसरणार नाही. माझ्या गाडीतल्या पुढच्या दोन सीटा एरवी रिकाम्या असायच्या, इंजिनाच्या धगीमुळे तिथे कुणी बसत नाही. त्या आता आधी भरू लागल्या. माणसं तिथे माझ्या हातांकडे बघायला बसायची. मी गिअर बदलला की दोघंही श्वास धरायचे, आणि त्यांनी धरला की माझाही अडकायचा. एके सकाळी निवळी सोडल्यावर एका बाईने बेल मारायला लावली, मूल कडेवर घेतलं, पुलाच्या अलीकडे उतरली, पावसात चालत पूल ओलांडला आणि पलीकडे परत गाडीत चढली. तिकीट तेच चालेल का, एवढंच तिने रावजीला विचारलं. गाडीतल्या सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. कुणी हसलं नाही. मला वाटलं, हिला माझ्यापेक्षा अक्कल आहे. तरी दुसऱ्या दिवशी मी परत साडेसातला गाडीवर चढलो. का चढलो? घरी बसलो तर लोक म्हणतील ते खरं ठरेल म्हणून. अण्णा, या कारणासाठी मी रोज साठ माणसं त्या पुलावरून नेत होतो.

सहा ऑगस्टची गोष्ट. बावनदी दुथडी, पाणी चहासारखं, झाडाचे ओंडके वाहताहेत. गाडी खच्चून भरलेली. समोरून चिऱ्यांचा ट्रक पुलाच्या पलीकडच्या तोंडाशी आलेला. या खेपेला माझा पाय ब्रेकवर गेला नाही. हात आवळले आणि डावीकडे ओढू लागले. मी बघतोय, मला कळतंय, आणि हात ऐकत नाहीत. डावं चाक कडेच्या दगडावर चढलं, पत्रा कठड्याला घासत गेला आणि तो आवाज ऐकून माझा पाय जागा झाला. गाडी तिरकी उभी राहिली. डाव्या खिडक्यांतून खाली नुसतं पाणी. आत किंकाळ्या, कुणीतरी देवाचं नाव घेतंय, कुणीतरी माझ्या नावाने शिव्या घालतंय, समोर ट्रकवाला हॉर्नवर हात ठेवून बसलेला.

तेवढ्यात जाळीमागून मासळीचा वास आला. एक म्हातारी, बुरोंडीकडची असावी बोलण्यावरून, टोपलं मांडीवर घेऊन बसली होती. तिने जाळीला तोंड लावलं. “भियालास?”

तीन आठवड्यांत हा साधा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, “व्हय.”

“मंग भी. पन ब्रेकावरचा पाय काढू नको.”

एवढंच. मग ती मागे वळली आणि बाजारात ओरडतात त्या आवाजात तिने एकेकाला गप्प केलं. आधी पोरांना, मग बायकांना, मग उरलेल्यांना, ढकलाढकली न करता खाली उतरवलं. रावजी दाराशी हात देत होता. सगळे उतरले, ती नाही उतरली. तिथेच जाळीला धरून बसून राहिली. रावजी गाडीसमोर आला, हाताने खुणा करत उलटा चालू लागला, आणि मी इंच इंच हँडल सोडवत चाक खाली घेतलं आणि माणसाच्या चालीने गाडी पलीकडे नेली. किती वेळ लागला माहीत नाही. पाय मात्र मी शेवटपर्यंत ब्रेकजवळून हलवला नाही.

पलीकडे गाडी बाजूला लावली, किल्ली काढली आणि रावजीच्या हातात दिली. तो हळूच म्हणाला, “स्टिअरिंग जाम झाला असं लिहितो.” मी म्हटलं, “नको. ड्रायव्हर गाडी चालवण्यास असमर्थ, असं लिही.” तो म्हणाला, “नोकरी जाईल, लवू.” मी म्हटलं, “लिही.” अण्णा, ती ओळ त्याने दोनदा खोडली. तिसऱ्या वेळी मी शब्द सांगितले. मैलाच्या दगडावर बसून मी पॅसेंजर दुसऱ्या गाडीत चढताना बघत राहिलो. ती म्हातारी जाताना टोपल्यातले बांगडे चाचपत होती.

डेपोतल्या साहेबांनी मला घरी बसवलं नाही, हे त्यांचे उपकार. चौकशीच्या खिडकीत बसवलं. (तीन महिने सकाळी साडेसातला लाउडस्पीकरवर मीच ओरडायचो, चिपळूणकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागलेली आहे. आपल्या गाडीला दुसरा ड्रायव्हर घेऊन जाताना बघणं सोपं नसतं.) परत गाडीवर चढायचं तर मोठ्या इस्पितळाचा दाखला आणा, असं साहेब म्हणाले.

मोठं इस्पितळ म्हणजे कुठलं ते तुम्हाला सांगायला नको. आपण रत्नागिरीचे असं परमुलखात सांगितलं की ज्याच्या नावाने लोक डोळे मिचकावतात ते, वेड्यांचं. कोल्हापूरच्या स्टँडवर मी स्वतः त्या थट्टेवर हसलेलो आहे. आता त्याच्या फाटकासमोरून मी तोंडाला टॉवेल गुंडाळून तीन वेळा पुढे गेलो आणि तीन वेळा परत आलो. चौथ्या वेळी फाटकावरचा पहारेकरी म्हणाला, “या आत. सगळेच तीन फेऱ्या मारतात.”

बाहेरच्या रुग्णांच्या बाकावर बसलो आणि टॉवेलातून शेजारी बघतो तर सखाराम गुरव! मी दुसरीकडे तोंड फिरवलं, त्यानेही फिरवलं. मग दोघांनाही ते बरं वाटेना. तो म्हणाला, झोपेसाठी तो तीन वर्षं येतो आहे, गोळ्यांनी गुण आहे. मी म्हटलं, मग मला नारळ कशाला सांगितलास? तो म्हणाला, “तुला इकडंच धाडायचा होता. पण मंडळी व्हती ना मागं.” (यानंतर मी त्या देवीला जास्तच मानतो. कौल बरोबर होता, सांगणारा लाजला.)

तिथले डॉक्टर तरुण होते, माझ्याहून वीस वर्षांनी लहान. त्यांनी नीट तपासलं, रात्रीची एक गोळी दिली, हे वेड नव्हे, भीतीचा आजार आहे असं स्वच्छ शब्दांत सांगितलं. त्या वाक्याने माझा अर्धा भार उतरला. पण बाहेर चाळीस माणसं बसलेली, आणि एवढ्या कोवळ्या पोरासमोर मला मनातलं काढता येईना. ते त्यांच्या ध्यानात आलं असावं. त्यांनी मला पलीकडच्या खोलीत आनंदीबाईंकडे पाठवलं.

आनंदीबाई म्हणजे तिथल्या समाजसेविका. रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलेली, जाडजूड, पायात पुरुषी चपला, बोलणं थेट आपल्याकडचं. मी बसल्यावर पहिलं काय म्हणाल्या ते ऐका. “मी तुम्हाला चालते का ते तुम्ही ठरवायचं. तीन गुरुवार या. नाही पटलं तर तसं सांगा, दुसरं कोणी बघून देते. मला राग येत नाही.” अण्णा, मास्तर, डॉक्टर, साहेब, सासरा, आजवर कुठल्याही मोठ्या माणसाने मला विचारलं नव्हतं की मी तुला चालतो का. मी म्हटलं, “बघू.” त्या म्हणाल्या, “हां, बघा.” आणि समोरचे कागद लावायला लागल्या. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, त्यामुळे मला बोलता येत होतं. आडवं व्हावं लागलं नाही. बूटही काढावे लागले नाहीत.

तिसऱ्या गुरुवारी मी त्यांना जे सांगितलं ते आता तुम्हाला सांगायचं आहे, आणि इथे माझी लेखणी अडकते आहे. एकोणऐंशी सालच्या गणपतीत मी मुंबईच्या चाकरमान्यांची जादा गाडी आपल्या फाट्यावरच्या बुटक्या कॉजवेवरून पाण्यातून काढली, ते तुम्हाला आठवतं. आठवणारच, तुम्ही त्या गाडीत होता. वहिनी होत्या, मुलं होती. उद्या गणपती बसायचे होते आणि सगळे ओरडत होते, “चल लवू, घाल गाडी!” मी घातली. मध्यावर गाडीला एक दणका बसला आणि तुम्ही सगळ्यांनी ‘मोरया’ म्हणून गजर केलात. मग पंचायतीने मला शाल दिली आणि तुम्ही चाळीत प्रत्येक मजल्यावर सांगितलंत की माझा भाऊ असा आणि तसा. अण्णा, तो दणका खड्ड्याचा नव्हता. मागचं डावं चाक कॉजवेच्या कडेवरून सुटलं होतं. एक क्षण गाडी लोंबकळली आणि पाण्यानेच तिला परत आत ढकललं, की काय झालं, मला माहीत नाही. मी काहीच केलं नव्हतं. आरशात तुम्ही धाकट्याला मांडीवर घेऊन हसताना दिसत होता. पाच वर्षं मी ती शाल पेटीत ठेवली आणि कुणाला बोललो नाही.

आनंदीबाईंनी कागद लावायचे थांबवले. त्यांनी मला बरं म्हटलं नाही, वाईटही म्हटलं नाही. एवढंच म्हणाल्या, “पाच वर्षं एकट्याने ओढलंत. हात थकणारच.” मी त्यांच्या खोलीत लहान मुलासारखा रडलो. बाहेर आलो तेव्हा पुढच्या गुरुवारचा नंबर लावूनच निघालो.

त्यानंतर त्यांनी औषध काढलं ते असं. दर गुरुवारी गाडीने निवळीपर्यंत जायचं, घाट उतरून पुलापर्यंत चालायचं आणि पुलाच्या तोंडाशी नुसतं उभं राहायचं. धडधड वाढली तरी पळायचं नाही, ती आपोआप ओसरेपर्यंत थांबायचं. (ती ओसरते, अण्णा. वीस मिनिटांत ओसरते. पंचेचाळीस वर्षांच्या आयुष्यात मला हे कुणी सांगितलं नव्हतं.) पुढच्या खेपेला दहा पावलं आत. मग वीस. पहिले तीन-चार गुरुवार बाई स्वतः छत्री घेऊन सोबत येत, अलीकडच्या टोकाला उभ्या राहत आणि मी परत येईपर्यंत शेंगदाणे खात.

आता एक प्रौढ विवाहित ड्रायव्हर दर गुरुवारी पुलावर एका बाईसोबत छत्रीत दिसतो म्हटल्यावर काय व्हायचं ते झालं. मोठ्या इस्पितळाचं मी मथुरेला सांगितलं नव्हतं. गुरुवारी डेपोचं ट्रेनिंग असतं, असं सांगत होतो. ही माझी चूक. त्या काजूवाल्याने (तोच तो) वाडीत बातमी पुरवली. पुढच्या गुरुवारी मी पुलाच्या मध्यापर्यंत पोचलो होतो. कठड्याला हात, श्वास मोजतोय. एक लाल गाडी शेजारून गेली, पलीकडच्या टोकाला थांबली आणि तिच्यातून मथुरा उतरली. पदर खोचलेला. नदीच्या आवाजावरून तिचा आवाज आला, “अवोऽऽ! ह्या काय ट्रेनिंग चालला हाय?”

त्या पुलावर मला दोन भीती वाटल्या आणि दुसरी मोठी निघाली. ती अजून काही ओरडायच्या आत तिच्यापर्यंत पोचावं म्हणून मी जो निघालो तो जवळजवळ धावतच तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. म्हटलं, “ओरडू नको, ती इस्पितळातली बाई आहे, मला भीतीचा आजार आहे, तुला सांगायची लाज वाटली.” सगळं एका दमात.  मथुरेने माझा घामेजलेला हात बघितला, मागे वळून पूल बघितला आणि म्हणाली, “तुमी आख्खा चालून इलात की हो.” तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. मी तिथेच खाली बसलो. ती माझ्या शेजारी बसली. पदराने माझं तोंड पुसलं आणि म्हणाली, “मना का नाय सांगितलात? तुमच्यापेक्षा त्या काजूवाल्यावर इश्वास ठेवायची पाळी आनलीत माज्यावर.” तिचं खरं होतं.

आनंदीबाई डुलत डुलत पूल ओलांडून आल्या. मला वाटलं, शाबासकी मिळेल. त्या म्हणाल्या, “हा मोजायचा नाही. बायकोला भिऊन ओलांडलात. पुढच्या गुरुवारी शांतपणे.” मग त्या आणि मथुरा माहेर, नणंद, सांधेदुखी यावर तासभर बोलत बसल्या आणि मी दोघींची छत्री धरून उभा. त्यानंतरचे सगळे गुरुवार मथुरा माझ्याबरोबर आली.

नोव्हेंबरच्या शेवटी मला दाखला मिळाला. आधी आठ दिवस जवळच्या गाड्या, आणि या सोमवारी परत साडेसातची. निवळीचा घाट उतरलो.  हात घामेजलेच. पण हात माझे होते. रावजीने उगाचच डबल बेल मारली, कुणी चढलं-उतरलं नसताना, आणि आम्ही पूल ओलांडला. हे संपलं असं आनंदीबाई म्हणत नाहीत आणि मीही म्हणत नाही. कदाचित परत येईल. आलं तर वीस मिनिटं थांबायचं.

पत्र फार लांबलं. ज्याच्या हातून तुम्ही निसटता निसटता वाचलात त्या भावाला, म्हणजे मला, कॉजवेबद्दल माफ करावं. वहिनींना नमस्कार, पोरांच्या पाठीवरून हात फिरवावा, आणि राग आला असेल तर तो पाकिटात घालून पाठवावा, मी वाचेन.

आपला,
लवू

ता. क. – गावचे बाळा मेस्त्री रविवारी मुंबईला निघाले आहेत. त्यांच्याबरोबर कुळथाचं पीठ, आमसुलं आणि थोडे सुके बोंबील पाठवत आहे. पीठ वरच्या फडताळात ठेवावं, मुंबईच्या दमट हवेत किडे होतात.

ता. क. दुसरा – मथुरेने एवढं वाचून बघितलं आणि म्हणाली, ज्यासाठी पत्र लिहायला घेतलंत ते कुठे आहे? तेव्हा ते लिहितो. गेल्या आठवड्यात गोदावहिनींचं पत्र आलं. तुम्हाला सांगू नका असं त्यात होतं, पण सांगतो. संपानंतर गिरणीने परत घेतलं नाही तेव्हापासून तुम्ही खिडकीशी बसून असता. दिवाळीपासून खाली उतरला नाहीत. दाढी करत नाही, वॉचमनची नोकरी सांगत आली ती ऐकूनही घेतली नाहीत. आणि परवा त्यांना म्हणालात, ‘मी नसलो तर घरात एक तोंड कमी.’ अण्णा, ते वाक्य मी डेपोत गाडीवर चढता चढता वाचलं आणि त्या दिवशी दोन थांबे न थांबताच पुढे गेलो. मी आनंदीबाईंना सांगितलं आहे. २७ तारखेच्या गुरुवारी तुमचा नंबर लावला आहे. त्या तुम्हाला चालतील असं नाही. मला चार दारं फिरावी लागली. तुम्हाला पाचवं लागलं तर पाचवं शोधू, सहावं शोधू. पण ते वाक्य परत बोलावंसं वाटलं तर वहिनींना किंवा शेजारच्यांना लगेच हाक मारा, एकटे बसू नका.

ता. क. तिसरा – अण्णा, तू येणार नाहीस हे मला माहीत आहे. म्हणून तुझ्याकडे काम काढतो. २३ तारखेला रविवारी सकाळच्या गाडीत वहिनी तुला आणि पोरांना घेऊन बसणार आहेत, त्यांना वेगळं पत्र टाकलं आहे. चिपळूणला त्या गाडीचा ड्रायव्हर बदलतो. तिथून पुढे मी आहे, ड्युटी मागून घेतली आहे. तुम्हा सगळ्यांना गाडीत घालून पाणी ओलांडायचं म्हणजे मला अजून जड जातं. तेव्हा तू जाळीला लागून, माझ्या मागच्या सीटवर बस. पूल आला की काही बोलू नकोस. नुसता बसून राहा.